सदतीसची शीळ

"म्हणजे मी पुन्हा घरी बसायचं, असंच ना, वहिनी? मग तोंडावर सांगायचं. टाईप कशाला केलंत?"

भाऊजींनी कप इतका आदळून ठेवला की चहा बशीत आला. सासूबाईंनी आधी बशीकडे पाहिलं, मग सुनेकडे. जणू सांडला तिनंच.

"घरी बसा असं त्यात कुठे लिहिलंय?" ती म्हणाली.

"लिहावं लागतं का? तीन वर्षांपूर्वी ज्या ऑपरेटरला काढलं त्याचा काही दोष नव्हता, हे वाचून साहेब काय माझा सत्कार करतील? त्याच्या खुर्चीत कोण बसलंय? मी. मला तिथे बसवायला शब्द कुणी टाकला? तुम्ही. आता तुम्हीच म्हणताय की खुर्ची रिकामी झाली तीच चुकून."

"चुकून नाही. माझ्या चुकीनं."

"हो, ते तर आहेच कागदावर. म्हणजे जाऊ तर दोघं बरोबरच जाऊ."

तिचा नवरा शाळेत गणित शिकवायचा आणि भांडणं वर्तमानपत्रामागून ऐकायचा. तो पान न उलटता म्हणाला, "कागद टेबलावरून उचला कुणीतरी. ओला होईल."

"होऊ दे ओला," सासूबाई म्हणाल्या. "पाण्यापायीच तर चाललंय सगळं."

तेवढ्यात मोरीतला नळ वाजला. पाणी यायच्या आधी नळीतली हवा निघते, तिची बारीक, लांब शीळ. गेली तीन वर्षं ही शीळ वाजली की या घरात कुणीतरी म्हणायचंच, "आला शिट्टीवाला, बादली लावा." आज कुणी काही बोललं नाही. बादली लागली नाही आणि पाणी सरळ फरशीवर पडायला लागलं.

ती पाणीपुरवठा कार्यालयात टायपिस्ट म्हणून लागली, त्याला एकवीस वर्षं झाली. तिथे पहिले कॉम्प्युटर आले तेव्हा वायर ओढायला आलेला माणूस अर्धं काम टाकून गेला आणि उरलेलं हिनं टेबलांखाली रांगत पुरं केलं. साडीचा पदर खोचून, तोंडात पक्कड धरून. तेव्हापासून ती वायरबाई. पुढे साहेबांनी तिला प्रशिक्षणाला पाठवलं, सर्व्हर आले, लिनक्स आलं, राउटर आले, हुद्द्याचं नाव दोनदा बदललं. लोकांच्या तोंडी ती वायरबाईच राहिली. तिची एक शिस्त होती. प्रत्येक वायरीला तिच्या हातची चिठ्ठी बांधलेली असायची: कुठून आली, कुठे चालली, कधी बदलली. मशीनच्या खोलीत सर्व्हरच्या मागे त्या चिठ्ठ्या पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत असायच्या. "बाई गेल्या तरी चिठ्ठ्या बोलतील," असं तिथला शिपाई म्हणायचा, आणि तिला ते आवडायचं.

ऑपरेटर तिच्याहून सहा-सात वर्षांनी लहान. टेकडीवर पाण्याची टाकी आहे, तिचा व्हॉल्व्ह आपल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून उघडायचा आणि बंद करायचा, हे त्याचं काम. काम करताना दात न उघडता तो शीळ घालायचा, एकाच गाण्याच्या दोन ओळी. पुढच्या ओळी त्याला येत नसाव्यात. तिला त्याचा वैताग यायचा. "अहो, तिसरी ओळ शिका तरी," ती म्हणायची. तो म्हणायचा, "बाई, दोन ओळींत माझी शिफ्ट निघते."

टाकीजवळच्या खोलीत एक जुनी पेटी होती. हुकूम तिला मिळायचा आणि ती व्हॉल्व्ह फिरवायची. पेटी हट्टी. कुणाचंही ऐकायची नाही. नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला पत्ता असतो आणि पाठवलेल्या प्रत्येक निरोपावर, पाकिटाच्या मागे लिहावा तसा, पाठवणाऱ्याचा पत्ता असतो. पेटी फक्त सदतीस हा पत्ता ओळखायची. सदतीस म्हणजे ऑपरेटरचं टेबल. आलेला हुकूम ती आपल्या नोंदीत लिहून ठेवायची: वेळ, काम, पत्ता.

तीन वर्षांपूर्वी एकदा पहाटे लाईट गेली, आली, आणि नंतर कधीतरी टाकीचा व्हॉल्व्ह मिटला. खाली पंप सुरू होते. मिटलेल्या व्हॉल्व्हवर पाणी रेटून रेटून मोठा पंप जळाला आणि अर्ध्या गावाचे नळ दोन दिवस कोरडे राहिले. तिच्या घरचेही. सासूबाईंनी चौथ्या गल्लीतून बादल्या आणल्या आणि वाटेत भेटेल त्याला सांगितलं की हे सगळं एका शिट्टीवाल्याचं काम आहे, आमची सून तिथेच असते, तिला सगळं ठाऊक आहे.

पेटीच्या नोंदीत स्वच्छ लिहिलं होतं: पाच वाजून चाळीस मिनिटं, बंद, सदतीस.

ऑपरेटर म्हणाला, "साहेब, माझा कॉम्प्युटर आदल्या संध्याकाळपासून बंद होता. लाईट नाही म्हणून मी कोपऱ्यावर चहा पीत उभा होतो."

चौकशीला तिला बोलावलं. तिनं नोंदीचा कागद पुढे ठेवला. साहेबांनी विचारलं, "बाई, दुसरं एखादं यंत्र हा पत्ता लावून हुकूम पाठवू शकतं का?"

ती म्हणाली, "नाही."

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्याचा कॉम्प्युटर दोरा गुंडाळून, लाखेचं सील लावून भांडारात ठेवला गेला. निष्काळजीपणा एकवेळ त्यांनी पोटात घातला असता. तो खोटं बोलला, हे त्यांना चाललं नाही. महिन्याभरात त्याला काढलं. दोन महिन्यांनी त्या जागी भाऊजी लागले. ते आधी दोन वर्षं घरात लोळत होते आणि सासूबाई जेवताना रोज कुणाचं नाव न घेता उसासा टाकायच्या. भाऊजींना नवा कॉम्प्युटर मिळाला, नवा पत्ता मिळाला, एकसष्ट. पेटीला तिनं एकसष्टही ओळखायला शिकवलं. जुना पत्ता पेटीच्या यादीतून काढायचा राहून गेला. तशी घाईही नव्हती. सदतीस तर भांडारात पडलेलं होतं.

मागच्या महिन्यात मशीनच्या खोलीतल्या बॅटऱ्या बदलल्या. त्यासाठी सर्व्हर बंद करावा लागला, तीन वर्षांत पहिल्यांदाच. दुपारी तो पुन्हा सुरू केला, सगळं सुरळीत चाललं. चार वाजता भाऊजी कागद घेऊन तिच्या टेबलाशी आले. घरी वहिनी, कचेरीत बाई, असं त्यांनी स्वतःच ठरवलं होतं, पण त्या दिवशी चुकले.

"वहिनी, हे सदतीस कोण?"

तिनं कागद पाहिला. दोन वाजून बारा मिनिटं, बंद, सदतीस. दोन वाजून सोळा मिनिटं, उघडा, सदतीस.

"तुम्ही काही दाबलंत?"

"मी जेवत होतो. आणि मी एकसष्ट."

ती उठली आणि भांडाराची किल्ली मागून घेतली. भांडारात फुटके मीटर आणि जुन्या खुर्च्या होत्या. खिडकीच्या कोनाड्यात तो कॉम्प्युटर होता. दोऱ्यावर धूळ, लाखेला तडासुद्धा नाही. वीज द्यायची वायर काढून त्याच्याच डोक्यावर गुंडाळून ठेवलेली. तिनं त्यावर तळहात टेकला. यंत्र थंड आहे की नाही हे पाहायला आपण आलो, याची तिला लाज वाटली, पण हात तिनं लगेच उचलला नाही. मागे भिंतीतल्या नळीत हवा सरकली आणि शीळ वाजली. दोन ओळींइतकीच लांब. ती बाहेर आली तेव्हा किल्ली कुलपात नीट बसेना.

मग आठवडाभर तिला ती शीळ जिथे तिथे ऐकू यायला लागली. सर्व्हरच्या पंख्यात, कुकरमध्ये, शेजारच्या दाराच्या बिजागरीत. सकाळी घरचा नळ वाजला की पोरासोरांसारखं हसून नवरा म्हणायचा, "आला गं तुझा शिट्टीवाला," आणि ती बादली लावायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवायची. कचेरीत ती रोज पेटीची नोंद उघडायची. सदतीस पुन्हा आलं नाही. त्यानं तिला बरं वाटायला हवं होतं. उलट, तो कुठेतरी थांबून राहिलाय, असं वाटायचं.

उलगडा झाला तो भाऊजींना शिकवताना. ते परीक्षेला बसणार होते आणि एका धड्यावर अडले होते.

"एकाच सर्व्हरला दोन पत्ते असले, तर निरोपावर तो कुठला लिहितो? आपण तर सांगत नाही."

"आपण नाही सांगितलं तर तो स्वतः निवडतो," ती म्हणाली. "असं धरा, घराला दोन दारं आहेत आणि दोन्ही दारांवर वेगवेगळ्या पाट्या आहेत. निरोप कुठे जायचाय ते तो आधी बघतो. त्यावरून वाट ठरते, वाटेवरून दार. ज्या दारानं बाहेर पडायचं, बहुतेक वेळा त्या दाराची पाटी."

"आणि एकाच दारावर दोन पाट्या असल्या तर?"

"तर साधारण जी आधी लावली ती. पण वाटांच्या यादीत आपण एखाद्या वाटेपुढे लिहून ठेवू शकतो, की या वाटेनं जाताना अमुकच पत्ता लाव. मग तो बाकी काही बघत नाही. तोच लाव..."

ती बोलायची थांबली.

"काय झालं?" भाऊजींनी विचारलं.

"काही नाही. तुम्ही पुढचं वाचा."

तिनं ते एकदा केलं होतं. व्हॉल्व्ह मिटला त्याच्या आठ महिने आधी. ऑपरेटरचा कॉम्प्युटर बिघडून दोन दिवस दुरुस्तीला गेला होता आणि पेटी दुसऱ्या कुणाचं ऐकत नव्हती. दोन दिवसांसाठी टेकडीवर जाऊन तिला नवा पत्ता शिकवण्यात अर्थ नव्हता. काम अडू नये म्हणून तिनं सर्व्हरलाच सदतीस हा दुसरा पत्ता दिला आणि टाकीच्या वाटेपुढे लिहिलं, इकडे जाताना सदतीस लाव. पेटीला फरक कळला नाही. कॉम्प्युटर परत आल्यावर तिनं ते काढलंही. एकाच पत्त्यावर दोन यंत्रं नांदत नाहीत, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण तिनं ते काढलं चालू सर्व्हरमधून. सर्व्हर जागा होताना जी फाईल वाचतो, तिच्यात दोन्ही ओळी तशाच राहिल्या होत्या. दोन दिवसांचं तात्पुरतं काम, त्याला चिठ्ठी कशाला, म्हणून चिठ्ठीही बांधली नव्हती.

तिनं ती फाईल उघडली. तिच्या हातच्या दोन्ही ओळी तिथे होत्या.

पुढचं मग आपोआप जुळत गेलं. हा सर्व्हर एरवी टाकीशी बोलत नाही, ते काम ऑपरेटरचं. फक्त जागा झाल्या झाल्या एकदाच बोलतो: आधी व्हॉल्व्ह मिट, मग वेळापत्रक बघून उघड. त्या पहाटे लाईट गेली, बॅटऱ्या तेव्हा बसवलेल्या नव्हत्या, म्हणून सर्व्हर बंद पडला, लाईट आल्यावर उठला. उठताना फाईल वाचली, सदतीसची पाटी लावली आणि व्हॉल्व्ह मिटला. उघडला नाही, कारण त्याच्या घड्याळात तेव्हा मध्यरात्र होती, पाणी सोडायची वेळ नव्हती. घड्याळ मागे पडलंय हे तिला चार दिवसांनी दिसलं होतं. तिनं ते दुरुस्त करून बाहेरच्या घड्याळाशी जोडून टाकलं होतं आणि त्यावर पुन्हा विचार केला नव्हता. ज्याच्याशी पत्त्यावरून भांडण झालं असतं आणि चूक तासाभरात उघडी पडली असती, तो कॉम्प्युटर त्या दिवशी सुरू व्हायच्या आधीच उचलून नेला होता.

तीन वर्षं सदतीस भांडारात नव्हतंच. तिच्या सर्व्हरमध्ये बसून होतं, तिनंच दिलेल्या जागेवर.

एक गोष्ट तिनं टाईप केलेल्या कागदात सगळ्यात शेवटी लिहिली आणि दोनदा खोडून पुन्हा लिहिली. साहेबांनी तो प्रश्न विचारला, दुसरं यंत्र हा पत्ता लावू शकतं का, तेव्हा तिच्या मनात काहीतरी हललं होतं. ते दुरुस्तीचे दोन दिवस. पूर्ण आठवण नव्हे. पडद्यामागून कुणी गेल्यासारखं. थांबून बघितलं असतं तर दिसलं असतं. ती थांबली नाही, कारण साहेब वाट बघत होते, सगळे तिच्याकडे आदरानं बघत होते, आणि घरी एक माणूस दोन वर्षं लोळत पडला होता.

गेल्या बुधवारी ती त्याला शोधत गेली. बाजाराच्या मागच्या रस्त्यावर तो चाव्या बनवतो, असं शिपायाकडून कळलं होतं. भिंतीला टेकून एक फळी, फळीवर यंत्र, वर खिळ्यांना चाव्यांचे जुडगे. केस बरेच पिकले होते. तिनं घरची किल्ली पुढे केली.

"एक करून हवी होती."

त्यानं मान वर केली, ओळखलं, आणि स्टूल पुढे सरकवलं. "बसा, बाई. पाच मिनिटं लागतील."

यंत्राचा कर्कश आवाज झाला. तो वाकून काम करत होता आणि त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. ती वाट बघत राहिली. तो शीळ घालत नव्हता.

"घरी सगळे बरे?" तिनं विचारलं.

"बरे आहेत. मुलगी आता कॉलेजात. तुमचे दीर लागले म्हणे माझ्या जागी. छान झालं. काम हलकं आहे, फक्त लक्ष पाहिजे." मग यंत्र थांबवून, चावीवरचा कीस फुंकत तो म्हणाला, "एक विचारू का, बाई? राग नाही ना?"

"विचारा."

"कॉम्प्युटर बंद असताना हुकूम जातो का हो?"

तो तिच्याकडे नाही, चावीकडे बघत होता.

"बायकोला मी पहिल्या दिवशीच सांगितलं, मी नाही केलं. ती म्हणाली, कॉम्प्युटर कशाला खोटं बोलेल? त्याचं तुमच्याशी काय वैर? तिनं पुढे कधी विषय काढला नाही, भांडली नाही. पण दार लावून आलो असं मी म्हटलं, की ती उठून बघून येते. गॅस बंद केला म्हटलं की बघून येते." तो थोडा हसला. "आता मीपण जातो. लावलेलं दार बघायला दोनदा जातो. कधी कधी वाटतं, केलंही असेल मीच. चहा प्यायच्या आधी. हात गेला असेल आणि लक्षात नसेल."

चावी कागदात बांधून त्यानं तिच्या हातात दिली. ती तेव्हाच सांगू शकली असती. तिनं "येते" म्हटलं आणि निघाली. वळणापर्यंत तिचे कान मागेच होते, की आता तरी वाजेल. वाजली नाही. घरी येऊन नवी चावी लावून पाहिली. कुलूप एका फेऱ्यात उघडलं.

त्या रात्री तिनं नवऱ्याला सगळं सांगितलं आणि शनिवारी कागद टाईप करून त्याच्या दोन प्रती काढल्या. आज सकाळी त्या भाऊजींना घरच्या प्रिंटरजवळ सापडल्या.

फरशीवरचं पाणी आता टेबलाच्या पायापर्यंत आलं होतं. नवऱ्यानं वर्तमानपत्राची घडी घातली.

"हे बघ," तो वर्गात बोलतो तशा आवाजात म्हणाला, "तू चोरी नाही केलीस. चूक झाली. दोन ओळी आहेत. त्या पुसून टाक. पुन्हा कधी होणार नाही, कुणाला कळणार नाही. त्याचंही पोट भरतंय आता. बसलेली धूळ कशाला उडवायची?"

"मी बसले होते पुसायला," ती म्हणाली. "शुक्रवारी. त्या ओळींवर बोट नेलं."

"मग?"

"त्या पुसल्या की तो खरोखरच खोटारडा ठरतो. तो नाही हे सांगणारं जगात तेवढंच आहे."

"आणि मी, वहिनी?" भाऊजींचा आवाज उतरला होता. "मी काय केलंय? मी तर तुम्हाला विचारायला आलो होतो, हे सदतीस कोण म्हणून. माहीत असतं तर कागद फाडून गिळला असता."

"तुम्ही काहीच केलं नाही, भाऊजी. तसंही लिहिलंय."

"लिहून काय होतंय. लोक म्हणणार, दिराला चिकटवायचं म्हणून वहिनीनं दुसऱ्याला उडवला."

त्यातलं किती खोटं आहे हे तिला स्वतःलाच मोजता येत नव्हतं.

सासूबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे मी चौथ्या गल्लीपर्यंत ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्यानं नळ बंद केलाच नव्हता?"

"नाही, आई."

"मग तू तेव्हा का नाही बोललीस मला? एवढं तोंड सोडलं मी. भाजीवालीला सांगितलं, शेजारी सांगितलं." त्या थांबल्या आणि लगेच त्यांचा मूळ स्वर परत आला. "तरी मी म्हणते, त्याचं झालं ते झालं. आता आपलं कशाला होऊ द्यायचं? पोरगा पुन्हा दिवाणावर पडलेला मला बघवणार नाही. आणि तुला घरी बसवलं तर हा गणितं शिकवून किती जणांना पुरणार आहे?"

मोरीतल्या नळाला मध्येच हवा लागली, पाणी थांबलं, आणि पुन्हा ती शीळ आली, दोन ओळींची, तिसरी नसलेली. चौघंही तिकडे बघत राहिले. भाऊजींनी तोंड उघडलं आणि सवयीचा शब्द ओठांवरून परत गिळला.

ती उठली, पाण्यातून चालत मोरीत गेली, नळाखाली बादली सरकवली. परत येताना तिनं टेबलावरचे दोन्ही कागद उचलले, पदरानं कडा टिपल्या आणि कपाटाच्या वरच्या खणात ठेवले.

"उद्या अकरा वाजता मी हा साहेबांना देणार आहे," ती म्हणाली. "दुसरी प्रत घेऊन त्याआधी त्याच्या घरी जाणार आहे. आठ वाजता. तेव्हा त्याची बायको घरी असते."